पेसाहला घर बंद करून रोमला जाऊ का?

पेसाह हा मिसर (इजिप्त) देशातल्या दास्यातून सुटल्याचा यहुदी सण. सेदर म्हणजे त्या रात्रीचे विधीचे जेवण, आणि हगादा म्हणजे सेदरला वाचायचे सुटकेच्या कहाणीचे पुस्तक. त्याबद्दलचे पत्र असे आहे (लांब होते, मुद्द्याचे तेवढे घेतले आहे):

"स. न. वि. वि. मी ठाण्याची, बेने इस्राएल (मराठी बोलणारे यहुदी), वय 61. मिस्टर रेल्वेत होते. गेल्या डिसेंबरात गेले. एकुलती एक लेक इस्राएलात अश्दोदला नोकरी करते, दोन मैत्रिणींबरोबर भाड्याने राहते. यंदाचा पेसाह मी दिरांकडे केला. त्यांनी प्रेमानेच बोलावले होते, पण हगादा अर्ध्या तासात उरकली, मराठी भाग कोणी वाचलाच नाही. 'पोरांना भूक लागली' म्हणून पाने उलटली. आमच्याकडे बत्तीस वर्षे मिस्टर वाचत. हिब्रू एक ओळ, मग मराठी, असे रात्री बारापर्यंत चाले. घरी येऊन मी रडले.

लेक म्हणते, 2027 चा पेसाह आपण दोघी रोमला करू. तू ठाण्याहून ये, मी इथून येते. बाबांना टायटसची कमान पाहायची फार इच्छा होती, ती आपण पाहू. मला जावेसे वाटते, पण जाऊबाई म्हणतात, सण घरातच करायचा असतो, परक्या शहरात तो सण राहत नाही, सहल होते. मलाही धाकधूक आहे. परके लोक, परकी भाषा, आठ दिवस खाण्याचे काय, आणि मुख्य म्हणजे सेदरला वाचणार कोण? घर कुलूपबंद करून जाणे पाप तर नाही ना? स्पष्ट सांगा."

प्रिय ताई,

जा.

जाऊबाईंचे म्हणणे मी उडवून लावत नाही. सण घरात करायचा असतो हे खरेच आहे. पण पेसाह हा मुळात घरातून बाहेर पडल्याचा सण आहे. कणीक फुगायलाही वेळ मिळाला नाही, तशीच पाठीवर टाकून निघाले, त्याची ही आठवण. चुन्याने भिंती रंगवणे, भांड्यांना कल्हई, तांदूळ तीन-तीनदा निवडणे, हे सगळे आपल्या आयांनी जिवापाड केले आणि त्याला मोल आहे. पण तोराने (आपल्या धर्मग्रंथाने) आज्ञा दिली आहे ती 'आपल्या लेकराला सांग' अशी. तुमचे लेकरू अश्दोदला आहे. ते जिथे येऊ शकते तिथे तुमचा सेदर.

तुमच्या पत्रातली मला लागलेली ओळ रोमची नाही. "मराठी भाग कोणी वाचलाच नाही" ही आहे. तिच्याकडे शेवटी येते. आधी घराचे आणि खाण्याचे पाहू, कारण ते सुटले नाही तर मन तिथेच अडकून राहील.

घर कुलूपबंद करणे पाप नाही. त्याची रीत आहे. पेसाहच्या आधीच्या तीस दिवसांत घर सोडून जाणार असाल, तर निघण्याच्या आदल्या रात्री दिवा घेऊन खामेत्स (धान्याचे आंबवलेले पदार्थ, जे पेसाहला घरात चालत नाहीत) शोधायचे, फक्त त्या वेळी आशीर्वाद म्हणायचा नाही. जे फेकवत नाही, म्हणजे लोणची, मसाले, पिठाचे डबे, ते एका कपाटात ठेवून सिनेगॉगमार्फत विक्रीत घालायचे, म्हणजे सणापुरते परधर्मीयाला विकायचे. ठाण्याचे शार हाशामाइम सिनेगॉग 1879 चे आहे, तिथे ही पद्धत सांगणारे कोणी ना कोणी भेटेलच. आपल्या जुन्या लोकांनी या सणाला काय नाव दिले होते आठवते ना? अनशी ढाकाचा सण. आंबटाच्या भांड्यावर झाकण घालण्याचा सण. कोकणातल्या त्या गावांत ना हिब्रू उरली होती ना हगादा, तरी वर्षातून एकदा आंबट झाकून ठेवायचे एवढे बायकांनी लक्षात ठेवले. तुम्हीही तेच करून निघायचे आहे. कपाट बंद, किल्ली शेजारणीकडे.

आता तारखा. 2027 ला सेदरची पहिली रात्र बुधवार, 21 एप्रिलची. ईस्टर त्या वर्षी 28 मार्चलाच होऊन जातो, त्यामुळे व्हॅटिकनची तुफान गर्दी ओसरलेली असेल. गंमत पाहा, 21 एप्रिल हाच रोम शहराचा वाढदिवस मानतात, इसवी सनापूर्वी 753 मध्ये शहर वसले अशी परंपरा. त्या सुमाराला सर्कस मॅक्सिमसच्या बाजूला रोमन सैनिकांच्या वेशातल्या मिरवणुका निघतात. 25 एप्रिलला तिथे राष्ट्रीय सुट्टी असते, 1945 च्या मुक्तीची. सगळे शहर रस्त्यावर असते. म्हणजे तुम्ही मुकाट शहरात जात नाही आहात, उत्सवात असलेल्या शहरात जाताय. मला वाटते दुःखातल्या माणसाला ते बरे असते. आपल्यासाठी कोणी आवाज खाली करत नाही.

पण या वर्षीच्या वारांत एक खोच आहे. तुमचा सण भारतातल्या रीतीने आठ दिवसांचा, लेकीचा इस्राएलातल्या रीतीने सात. तुम्हाला दोन सेदर, तिला एक. गुरुवार आणि शुक्रवार तुम्हाला सण, आणि लगेच शब्बाथ, शनिवारचा विश्रांतीचा दिवस. सलग तीन दिवस तुम्ही वाहनात बसणार नाही. शुक्रवारी शब्बाथचे जेवण शिजवायचे तर बुधवारीच एरूव तावशीलिन करून ठेवायला हवे. एक मात्सा (पेसाहची बेखमीर पोळी) आणि एक उकडलेले अंडे बाजूला काढून आशीर्वाद म्हणायचा, एवढेच आहे, पण विसरले तर पंचाईत. लेकीने दुसऱ्या रात्री तुमच्या शेजारी बसावे, ऐकावे, खावे. सणाचे आशीर्वाद ती स्वतःसाठी पुन्हा म्हणणार नाही. गुरुवारी 29 ला तिचा सण संपलेला असेल आणि तुमचा आठवा दिवस. त्या दिवशी तिने तुमच्यासमोर पाव खाऊ नये. सण मनापासून पाळत असेल तर तिला हे सांगावेही लागणार नाही. आणखी बारीक प्रश्न असतील तर दोघींनी आपापल्या रब्बींना (धर्मगुरूंना) आधीच विचारा. ऐन वेळी आई-मुलीत "तुमच्याकडे असे, आमच्याकडे तसे" नको.

याच कारणासाठी राहायची जागा घेटोपासून पायी अंतरावर घ्या. घेटो म्हणजे पोर्तिको द'ओत्ताव्हियाच्या भोवतीचा जुना यहुदी मोहल्ला, तिबेर नदीच्या काठाला. किंवा पूल ओलांडून त्रास्तेव्हेरेमध्ये. मधल्या बेटावर जाणारा पोन्ते फाब्रिचो हा इसवी सनापूर्वी 62 सालचा पूल आहे, अजून माणसे त्यावरूनच जातात, त्रास्तेव्हेरेत राहिलात तर तुम्हीही सिनेगॉगला त्यावरूनच जाल. हॉटेल नको, छोटे स्वयंपाकघर असलेला फ्लॅट घ्या. पहिल्या मजल्याच्या वर नको, कारण सणाला आणि शब्बाथला विजेची बटणे दाबायची नाहीत, म्हणजे लिफ्ट नाही. दाराला खरी किल्ली आहे का हे विचारून घ्या, विजेच्या कार्डाने उघडणारे दार त्या तीन दिवसांत तुमच्या कामाचे नाही. रस्ते काळ्या दगडी चिऱ्यांचे, खडबडीत. गुडघ्यांना त्रास असेल तर जाड तळव्याचे बूट न्या, चपला नकोत.

भाड्याच्या घरातल्या कपाटात मालकाचे पास्त्याचे पुडे असतील. ते तुमचे नाहीत, ती त्याची मालमत्ता. कपाट बंद करा, चिकटपट्टी लावा, आठ दिवस उघडू नका. पुन्हा झाकणच! ओटा ॲल्युमिनियम फॉइलने झाका. एक पातेले, एक तवा, दोन सुऱ्या, एक फळी नवी विकत घ्या, कागदी ताटल्या आणा. जुन्या भांड्यांच्या शुद्धीच्या भानगडीत आठ दिवसांसाठी पडू नका.

काय न्यावे? मांस आणि दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात नेता येत नाहीत, म्हणजे तूपही नाही. ताजी फळेही बहुतेक अडवतात. मोजकीच वगळलेली आहेत, आणि त्यांत नारळ आणि खजूर आहेत! मी ती यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा डोळ्यांत पाणी आले होते. आपल्या स्वयंपाकघराचे दोन खांबच त्यांनी आत सोडले आहेत. खजुराचे हारोसेत (सेदरच्या ताटातले गोड वाटण) तुमच्या हातचे होईल, आणि नारळाच्या दुधातले कालवणही. दूध-मांस एकत्र नको म्हणून आपल्या आज्यांनी नारळाचे दूध जवळ केले, ते रोममध्येही चालेल. काळ्या मनुका न्या. पहिल्या रात्रीच्या किद्दूशला (प्याल्यावर म्हणायच्या आशीर्वादाला) आपले मनुकांचे शरबत करा. कोशेर (धर्मनियमांनुसार चालणारी) वाइन तिथे मुबलक मिळते, पण लेकीच्या जिभेवर बाबांच्या घरची चव पहिल्या घोटात यायला हवी.

हिंग मात्र नेऊ नका. बाजारातल्या डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. तयार मसाल्यांतही तोच हिंग असतो, म्हणून मसाला घरी हिंगाशिवाय कुटून न्या. तांदूळ आपल्याला चालतो, अश्केनाझी (उत्तर आणि पूर्व युरोपाकडचे यहुदी) लोक मात्र पेसाहला खात नाहीत. दुसऱ्याच्या टेबलावर बसाल तेव्हा तिथली चाल विचारा. रोममध्ये सगळी घरे एकाच रीतीची नाहीत. 1967 नंतर लिबियाहून आलेली कितीतरी यहुदी कुटुंबे तिथे स्थिरावली आहेत, त्यांचे मसाले तुम्हाला ओळखीचे वाटतील.

मात्सा तिथेच घ्या, घेटोतल्या दुकानात, पेसाहचा शिक्का पाहून. हे मी ठासून सांगते, कारण मी चुकले आहे. काही वर्षांपूर्वी मी रोमला पेसाह केला तेव्हा साध्या सुपरमार्केटमधून 'पाने आझ्झिमो' लिहिलेली चार पाकिटे आणली. बेखमीर आहे ना, झाले, असे वाटले. ती वर्षभर मिळणारी साधी बेखमीर पोळी होती, पेसाहसाठी देखरेखीखाली भाजलेली नव्हे. चारही पाकिटे जिन्याखाली राहणाऱ्या बाईंना दिली आणि पुन्हा बाजारात पळत गेले, तेही सण लागायच्या दोन तास आधी. मारोरसाठी मात्र धावाधाव नको. सेदरच्या ताटात कडू भाजी म्हणून जे लेट्यूस आपण हल्ली वापरतो ते रोमच्याच नावाचे आहे, तिथे कुठल्याही भाजीवाल्याकडे मिळते.

आणि आर्टिचोक खा. एप्रिलमध्ये ते ऐन बहरात असते. ऑलिव्ह तेलात दोनदा तळतात, पाकळ्या शेवंतीच्या फुलासारख्या उलगडतात, बाहेरून कुरकुरीत, आत लोण्यासारखे. 'कार्चोफी आल्ला जुदिया', यहुदी पद्धतीचे आर्टिचोक. 2018 मध्ये इस्राएलातल्या रब्बी मंडळाने म्हटले की अख्ख्या आर्टिचोकमधले किडे नीट निवडता येत नाहीत, म्हणून ते कोशेर नाही. ऐन पेसाहच्या दिवसांत केवढा गहजब झाला! रोमच्या लोकांनी सांगितले, आमच्या आज्या शतकानुशतके हे साफ करत आल्या आहेत, आम्हाला ठाऊक आहे कसे करायचे, आणि ते खात राहिले. मी ती बातमी वाचली तेव्हा मला आपले 1964 आठवले. आपले लोक इस्राएलात जाऊन बसले तरी लग्नाच्या वेळी त्यांच्या यहुदीपणाचीच चौकशी व्हायची. यरुशलेमात धरणे धरावे लागले, तेव्हा संसदेने सांगितले की हे लोक सर्वार्थाने यहुदी आहेत. दूरच्या कोणीतरी आपल्या आजीच्या हातावर शंका घ्यावी हे काय असते ते आपल्याला माहीत आहे. त्यांनाही माहीत आहे.

म्हणून मी पॅरिस किंवा न्यूयॉर्क न म्हणता तुमच्या लेकीच्या रोमवर खूश आहे. तुमची धाकधूक परक्यांची आहे ना? ऐका. रोमचे जुने यहुदी अश्केनाझी नाहीत आणि सेफार्दीही (मूळ स्पेन-पोर्तुगालचे) नाहीत. हे दोन गट पडायच्या आधीपासून ते तिथे आहेत. यहुदी सेनानी मक्काबी यहूदाने आपले दूत रोमला पाठवले ते इसवी सनापूर्वी 161 मध्ये. ज्या अंतियोखस राजाच्या जुलमाविरुद्ध मक्काबी उठले त्याच जुलमातून पळालेले आपले पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून बाहेर आले, सात पुरुष आणि सात बायका, असे आपल्याकडे सांगतात. ती सांगीवांगी आहे, कागद नाही. तरी पाहा, एकाच संकटाने एका टोकाला रोमला माणसे नेली आणि दुसऱ्या टोकाला अलिबागला. त्यांच्या प्रार्थनेच्या पद्धतीला नाव आहे 'बेने रोमी'. बेने रोमी आणि बेने इस्राएल.

मी तिथे होते तेव्हा दुसऱ्या रात्रीचा सेदर एका कुटुंबाकडे केला. सिनेगॉगमध्ये ओळख झाली, त्यांनी आग्रहाने नेले. दारातच घरधन्याने विचारले, तुम्ही अश्केनाझी की सेफार्दी? हा प्रश्न मला आयुष्यभर लोकांनी विचारला आहे आणि प्रत्येक वेळी उत्तर देताना मी अंग चोरले आहे. म्हटले, दोन्ही नाही. तो हसला आणि म्हणाला, आम्हीही नाही, या बसा. जेवणाच्या शेवटी मधात घोळवलेले मात्साचे वडे आले, बेदाणे आणि चिलगोज्यासारख्या बिया घातलेले, 'पिझ्झारेल्ले'. घरधन्याची आई ऐंशीच्या पुढची. तिने मला मराठीत काहीतरी म्हणायला लावले. मी सेदरचे चार प्रश्न म्हटले, "ही रात्र इतर सर्व रात्रींहून वेगळी का?" ती म्हणाली, पुन्हा. तीनदा म्हणवून घेतले.

त्यामुळे माझे मत असे. दुसऱ्या रात्री माणसांत जा. सिनेगॉगच्या कार्यालयाला दोन-तीन महिने आधी लिहा की आम्ही दोघी आई-मुली भारतातून आणि इस्राएलातून येतोय, कोणाच्या घरी किंवा सामुदायिक सेदरला जागा होईल का. खबाद या यहुदी संस्थेचे सार्वजनिक सेदर रोममध्येही असतात, तिथे नक्की जागा मिळते, पण चाल अश्केनाझी असेल. पहिल्या रात्री मात्र कुठेही जाऊ नका. दोनशे अनोळखी माणसांच्या मेजवानीत तर नाहीच. पहिली रात्र तुमच्या भाड्याच्या खोलीत, तुम्ही दोघी.

सिनेगॉगबद्दल सांगते. तेम्पिओ माज्जोरे, म्हणजे रोमचे मोठे सिनेगॉग, 1904 मध्ये उभे राहिले. घुमट चौकोनी आहे, शहरातल्या गोल घुमटांच्या गर्दीत लांबून ओळखू येतो, तो तसा मुद्दाम केला. त्याच जागेवर 1555 पासून 1870 पर्यंत पोपच्या हुकमाने यहुद्यांना घेटोत कोंडले होते. जुने कपडे विकण्याशिवाय जवळपास कुठला धंदा करू देत नसत. बायकांनी चिंध्यांतून तोराची वेष्टणे शिवली. खालच्या संग्रहालयात ती आहेत, जरीची, भरतकामाची, तासभर काढा तिथे. पण संग्रहालय सणाला बंद असते, म्हणून सोमवारी किंवा मंगळवारी, 19-20 लाच पाहून घ्या. दाराशी बंदूकधारी पहारा असतो. 1982 मध्ये तिथे हल्ला झाला, दोन वर्षांचे मूल गेले. पहारेकरी विचारपूस करतील, पासपोर्ट पाहतील, कुठून आलात, कुठल्या सिनेगॉगचे विचारतील. तो अपमान समजू नका. सणाच्या दिवशी प्रार्थनेला येणार असाल तर तेही त्याच पत्रात आधी कळवा.

आसपासच्या घरांच्या उंबऱ्यांपुढे लहान पितळी फरशा दिसतील, नावे कोरलेल्या. 16 ऑक्टोबर 1943 ला पहाटे जर्मनांनी हा मोहल्ला वेढला. त्याआधी थोडेच दिवस पन्नास किलो सोने मागून घेतले होते, ते दिले तर सोडू म्हणून. हजाराहून जास्त माणसे आउशवित्झला नेली. 16 परतली. त्या फरशांवरून चालताना थांबावेसे वाटले तर थांबा. त्याच गल्लीत रात्री अकराला टेबले भरलेली असतात, पोरे चेंडू खेळत असतात, म्हाताऱ्या बायका खुर्च्या टाकून बाहेर बसतात, अगदी अलिबागच्या इस्राएल आळीत बसत तशा.

एका गोष्टीची आधीच कल्पना देते, म्हणजे अवचित अंगावर येणार नाही. प्रार्थनेत कोहेनांचा (याजकांच्या वंशजांचा) आशीर्वाद सुरू झाला की रोममध्ये बाप आपला तालेत (प्रार्थनेची शाल) उघडून लेकरांच्या डोक्यावर धरतो. मोठी माणसेही आपल्या म्हाताऱ्या बापाच्या तालेतखाली जाऊन उभी राहतात. क्षणात सगळे सभागृह पांढऱ्या छोट्या तंबूंनी भरून जाते. तुम्ही दोघी वर बायकांच्या सज्जात असाल आणि वरून ते सगळे दिसेल. माझे वडील जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती, तरी मला कठडा धरावा लागला. लेकीचा हात धरून उभ्या राहा. खाली बघवले नाही तर बघू नका.

व्हिसाचे थोडक्यात. शेनगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, म्हणजे ऑक्टोबरअखेरीपासून कागद जुळवायला लागा. निदान 30 हजार युरोचा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो. तिकिटे बदलता येतील अशी घ्या, थोडी महाग पडली तरी. रविवारी 18 तारखेला पोहोचलात तर सोमवार, मंगळवार बाजारहाटाला मिळतात.

कमानीला सोमवारी 26 ला जा. रविवारी मुक्तिदिनाची गर्दी असते, बुधवार-गुरुवार पुन्हा सण. कमान रोमन फोरम या जुन्या अवशेषांच्या आवारात, त्याच्याच तिकिटाच्या आत आहे. यरुशलेम 70 साली पडले, त्या विजयाची ती कमान. आतल्या बाजूला रोमन सैनिक खांद्यावर मेनोरा (मंदिरातला सात फांद्यांचा दीप) वाहून नेताना कोरले आहेत. इस्राएलच्या राजचिन्हावरचा मेनोरा त्यावरूनच घेतला आहे, तुमची लेक रोज कुठल्या तरी कागदावर तो पाहत असेल. रोमचे यहुदी पिढ्यान्‌पिढ्या त्या कमानीखालून गेले नाहीत, वळसा घालून जात. तुमच्या मिस्टरांना ती का पाहायची होती हे तुम्ही लिहिले नाही. लेकीला विचारा, कदाचित तिला सांगितले असेल. बाजूला उभ्या राहून पाहता येते.

आणि आता ती ओळ. वाचणार कोण, असे तुम्ही विचारता. दिरांकडे बसलात तर दीर वाचतील. ठाण्यात तुमच्याच घरी केलात तरी कोणीतरी भाचा, पुतण्या पुढे होईल, कारण पुरुष असताना बाईने का वाचावे, असे आपल्यात कोणी म्हणत नाही पण होते तसेच. रोमच्या त्या खोलीत दुसरे कोणी नसेल. मला त्या खोलीबद्दल हेच आवडले आहे. बाईने सेदर चालवायला कुठलीही आडकाठी नाही. बायकांवर सेदरची सगळी कर्तव्ये आहेत, वाइनचे चार प्यालेसुद्धा. तुम्ही बत्तीस वर्षे ऐकले आहे. ते कुठे श्वास घेत, कुठे चष्मा पुसत, मिसरवरच्या दहा पीडांना प्याल्यात बोट कसे बुडवत, हे आता जगात दोनच माणसांना माहीत आहे आणि ती दोघीच त्या टेबलावर असणार आहात.

आपली हगादा मराठीत पहिल्यांदा छापली गेली 1846 मध्ये, मुंबईत. मग 1874 मध्ये पुण्यात चित्रांसकट. त्या चित्रांत मात्सा लाटणाऱ्या बायका आपल्यासारखी लुगडी नेसून जमिनीवर बसल्या आहेत. ज्या लोकांनी आपल्या भाषेत हे छापून घेतले त्यांना ते मोठ्याने वाचलेले हवे होते. मिस्टरांची प्रत हातसामानात न्या, सुती कापडात गुंडाळून. पाने सुटी झाली असतील तर आधी फोटो काढून ठेवा, पण वाचायचे त्याच प्रतीतून, डागांसकट.

सराव आत्तापासून करा. हिब्रू अडली तर अडू द्या, तेवढे लेकीला वाचायला सांगा, तिची आता पक्की झाली असेल. मराठी तुमचे. रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर एक पान, मोठ्याने, घरात कोणी नसले तरी. आवाज फुटेल, घसा भरून येईल, तिथे थांबायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याच ओळीपासून सुरू करायचे. एप्रिलपर्यंत वेळ आहे. तिथे सूर्य मावळायला आठ वाजतील, म्हणजे बसायलाच साडेआठ होतील. दुपारी दोघींनी थोडे झोपून घ्या, घाई अजिबात नको. एलियाहू हन्नाबीचा (एलिया संदेष्ट्याचा) प्याला भरून ठेवा, दार उघडायच्या वेळी जिन्यातला दिवा लागलेला असू द्या.

चार प्रश्न लेकीने विचारायचे, मराठीत. ती विचारून थांबली की पुस्तक तुमच्याकडे घ्या आणि "आम्ही मिसर देशात फारोचे दास होतो" इथून तुम्ही वाचायला लागा.